कापताना टूलवर सोडायचा द्रव, म्हणजे कूलंट, नेमकं काय थंड करतो?

लेथवर (जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर) टूल, म्हणजे कापणारं हत्यार, तापतं ते जॉबला घासल्यामुळे, असं पुण्याजवळच्या भोसरीतल्या कारखान्यांत आयुष्य काढलेले टर्नरही सांगतात. घर्षण असतंच, पण जास्त उष्णता येते ती धातूचा आकार बदलण्यातून.

लोखंडी तार एकाच जागी भराभर उलटसुलट वाकवली, की ती जागा बोटाला गरम लागते. टूलच्या धारेपुढे हेच घडतं, पण अतिशय अरुंद पट्ट्यात आणि क्षणार्धात. धातूचे थर एकमेकांवरून सरकतात, त्यांच्या स्फटिकरचनेतले दोष पुढे ढकलले जातात, आणि या खटाटोपात खर्च झालेली जवळजवळ सगळी ऊर्जा उष्णता बनते. तिचा मोठा वाटा चिप, म्हणजे कापून निघणारी धातूची साल, घेऊन जाते. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती स्टीलच्या चिपचा निळा रंग. ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तिच्यावर ऑक्साइडचा इतका पातळ थर चढतो, की त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या लहरींत तांबडा प्रकाश स्वतःलाच खोडतो आणि निळा उरतो.

वेग जास्त असला, की चिप टूलवर इतकी दाबून सरकते की धारेपाशी कूलंट शिरूच शकत नाही. तो बाहेरून उष्णता ओढतो. त्या कामाला पाणी उत्तम, कारण त्याची उष्माधारकता तेलाच्या सुमारे दुप्पट. म्हणून ‘आमचे नॅनो कण थेट धारेपर्यंत पोचतात’ म्हणणाऱ्या बाटलीवाल्याकडे आधी पुरावा मागावा. आणि टूल सारखं तुटतं म्हणून हेडस्टॉकला (जॉब फिरवणाऱ्या भागाला) लिंबू-मिरची बांधू नये, सेंटर हाइट, म्हणजे टूलची धार जॉबच्या मध्याच्या उंचीवर आहे का, ते तपासावं.

घरच्या लेथवर वेग बहुधा कमीच. तिथे सूक्ष्म फटींतून तेल आत झिरपतं, टूलवर धातू चिकटू देत नाही आणि फिनिश सुधारतं. आटे पाडताना, पार्टिंग करताना, म्हणजे जॉब कापून वेगळा करताना, ब्रशने कटिंग ऑइल लावलं तरी भागतं. ॲल्युमिनियमला रॉकेल चालतं. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, मात्र कोरडंच कापावं. त्यातलं ग्राफाइट वंगणाचं काम करतं, आणि ओली भुकटी लेथच्या बेडवर, म्हणजे खालच्या सरकपट्ट्यांवर, पॉलिश पेस्टसारखी घासत राहते. तापलेल्या कार्बाइडच्या टूलवर अधूनमधून थेंब टाकू नयेत, त्याला तडे जातात.

माप घेण्याआधी जॉब मात्र गार हवाच. ५० मिमी व्यासाचा स्टीलचा शाफ्ट ४० अंशांनी तापला, की सुमारे २४ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) फुगतो. गरम असताना मायक्रोमीटरवर बरोबर आलेला शाफ्ट गार झाल्यावर बेअरिंगमध्ये सैल बसतो.

दुधाळ कूलंट करायचा तर पाण्यात तेल ओतावं, तेलात पाणी नाही. बोअरचं जड पाणी टाळावं. त्यातल्या कॅल्शियममुळे मिश्रण फुटून वर साय धरते. गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीनंतर शुक्रवारी टाकीला येणारा सडक्या अंड्याचा वास जिवाणूंचा असतो. यंत्रातून गळून वर तरंगणाऱ्या तेलाखाली हवा पोचत नाही, तिथे ते वाढतात. ते तेल रोज काढून टाकावं आणि मिश्रण ढवळावं.