कर थकलेला माणूस अर्थमंत्री होऊ शकतो का? गाइथनर प्रकरणाची पार्श्वभूमी

१३ जानेवारी २००९. बराक ओबामांच्या शपथविधीला आठवडा उरला होता. त्यांनी अर्थमंत्रिपदासाठी निवडलेल्या टिमोथी गाइथनर यांनी २००१ ते २००४ या चार वर्षांचा एक कर वेळेत भरलाच नव्हता, हे त्या दिवशी सिनेटच्या अर्थ समितीकडून बाहेर आलं. अमेरिकेचं आयकर खातं, म्हणजे आयआरएस, अर्थमंत्र्याच्याच अखत्यारीत येतं. त्यामुळे प्रश्न एका माणसाच्या विवरणपत्रापुरता राहिला नाही. साऱ्या देशाकडून कर वसूल करणाऱ्या खात्याच्या डोक्यावर हा माणूस बसवायचा का, असा तो झाला.

थकलेला कर सामाजिक सुरक्षा (निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा) यांचा होता. अमेरिकेत या दोन्हींसाठी पगाराच्या १५.३ टक्के रक्कम जाते, निम्मी नोकराची आणि निम्मी मालकाची. गाइथनर त्या काळात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत होते. नाणेनिधी आंतरराष्ट्रीय संस्था असल्यामुळे मालकाचा हिस्सा भरत नाही आणि पगारातून काही कापूनही घेत नाही. तिथल्या अमेरिकी कर्मचाऱ्याने स्वतःला स्वयंरोजगारी समजून सगळा कर स्वतः भरायचा असतो. आपल्याकडे टीडीएस आणि पीएफ पगार हातात येण्याआधीच कापला जातो, त्यामुळे ही व्यवस्था चमत्कारिक वाटते. पण कर्मचाऱ्यांना अंधारात ठेवलेलं नव्हतं. या करापोटी नाणेनिधी त्यांना वेगळा भत्ता देत असे आणि तो मागताना कर भरण्याची हमी देणाऱ्या अर्जावर सही घेत असे. गाइथनर यांच्या सह्यांचे ते अर्ज समितीने उघड केले. त्यांनी आयकर भरला होता, हा कर मात्र भरला नव्हता.

माझ्या मते या प्रकरणाचं मर्म थकलेल्या रकमेत नाही, त्यानंतरच्या दोन वर्षांत आहे. २००६ मध्ये आयआरएसने त्यांची २००३ आणि २००४ची विवरणपत्रं तपासली. त्यांनी १४,८४७ डॉलर कर आणि २,३८३ डॉलर व्याज भरलं; दंड माफ झाला. हीच चूक २००१ आणि २००२ मध्येही झाली होती. पण ती वर्षं मुदतबाह्य झाल्याने खातं वसुली करू शकत नव्हतं आणि गाइथनर यांनी आपणहून काही भरलं नाही. ओबामांच्या माणसांनी नेमणुकीआधीची छाननी केली, तेव्हा म्हणजे २००८च्या नोव्हेंबरात, त्यांनी व्याजासह २५,९७० डॉलर भरले. कायद्याने ते देणं लागत नव्हते, हे खरं. पण चूक कळल्यावरही दोन वर्षं गप्प बसलेला माणूस पद समोर दिसताच पैसे भरतो, तेव्हा साध्या करदात्याला काय वाटेल?

अमेरिकेत अशी तपासणी इतकी कडक का झाली, हे कळायला मागे जावं लागतं. १० ऑक्टोबर १९७३ला उपराष्ट्राध्यक्ष स्पिरो ॲग्न्यू यांनी १९६७च्या करचुकवेगिरीच्या आरोपाला न्यायालयात विरोध केला नाही आणि त्याच दिवशी राजीनामा दिला. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी चार लाख डॉलरहून जास्त कर कमी भरल्याचं निष्पन्न झालं. उपराष्ट्राध्यक्ष असतानाची आपली कागदपत्रं दान केल्याचं दाखवून त्यांनी मोठी सूट घेतली होती आणि ती अमान्य ठरली. राष्ट्राध्यक्षांनी आपली विवरणपत्रं प्रसिद्ध करण्याची प्रथा त्यानंतर रुळली.

१९९३ मध्ये बिल क्लिंटन यांनी ॲटर्नी जनरल पदासाठी निवडलेल्या झोई बेअर्ड यांना माघार घ्यावी लागली. त्यांनी घरकामाला कामाचा परवाना नसलेलं परदेशी जोडपं ठेवलं होतं आणि त्यांचा सामाजिक सुरक्षा कर भरला नव्हता. पाठोपाठ त्याच पदासाठी विचारात असलेल्या किंबा वुड यांचंही नाव गळलं. वुड यांनीही परवाना नसलेली बाई कामाला ठेवली होती, पण तिचा कर भरला होता आणि तेव्हाचा कायदाही मोडला नव्हता. त्याच सुमारास वाणिज्यमंत्री रॉन ब्राउन यांनीही घरकामाच्या बाईंचा कर भरला नसल्याचं कबूल केलं, थकबाकी चुकवली आणि त्यांचं पद टिकलं. दोन बायकांना एक माप आणि एका पुरुषाला दुसरं, ही बोच तेव्हाही होती आणि ती रास्तच होती.

गाइथनर तरले ते मुख्यतः काळामुळे. सप्टेंबर २००८ मध्ये लीमन ब्रदर्स ही बडी गुंतवणूक बँक बुडाली होती आणि न्यूयॉर्क फेडचे, म्हणजे अमेरिकी मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्क शाखेचे, प्रमुख म्हणून गाइथनर त्या सगळ्या धामधुमीत मधोमध होते. २१ नोव्हेंबरला त्यांचं नाव फुटलं, तेव्हा डाऊ जोन्स हा शेअर निर्देशांक एका दिवसात ४९४ अंकांनी चढला. २१ जानेवारीच्या सुनावणीत त्यांनी निष्काळजीपणा कबूल केला आणि माफी मागितली. समितीत १८ विरुद्ध ५, तर २६ जानेवारीला सिनेटमध्ये ६० विरुद्ध ३४ मतांनी नेमणूक मंजूर झाली. रॉबर्ट बर्ड, रस फाइनगोल्ड आणि टॉम हार्किन या ओबामांच्याच पक्षाच्या सदस्यांनी विरोधात मत दिलं.

पण आठवडाभरातच पारडं फिरलं. आरोग्यमंत्रिपदासाठी निवडलेल्या टॉम डॅशल यांची करथकबाकी व्याजासह सुमारे १ लाख ४० हजार डॉलर निघाली. त्यातला मोठा भाग मित्राने दिलेल्या गाडी आणि चालकाच्या सुविधेवरचा होता. ३ फेब्रुवारीला त्यांनी माघार घेतली. त्याच दिवशी सरकारी कामगिरीवर देखरेखीच्या पदासाठी निवडलेल्या नॅन्सी किलेफर यांनीही घरकामगाराच्या करावरून माघार घेतली. त्यापोटी त्यांच्या घरावर चढलेला बोजा हजार डॉलरचाही नव्हता. आयआरएस ज्याच्या हाताखाली येणार तो अर्थमंत्री झाला आणि या दोघांची पदं हुकली.

ब्रिटनमध्ये हा पेच आणखी थेट उभा राहिला. नदीम झहावी २०२२च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये अर्थमंत्री होते आणि याच काळात त्यांनी आपल्याच अखत्यारीतल्या कर खात्याशी दंडासकट तडजोड केली. त्यांना अखेर २९ जानेवारी २०२३ला मंत्रिमंडळातून काढलं गेलं, ते चौकशीची माहिती वेळेत न दिल्याबद्दल.

हा निवाडा प्रसंगावर न सोडता त्यासाठी यंत्रणा उभी केली ती फ्रान्सने. करचुकव्यांवर कारवाईची भाषा करणारे अर्थसंकल्प मंत्री जेरोम काउझाक यांनी परदेशात आपलं गुप्त खातं असल्याचं २०१३ मध्ये कबूल केलं. त्याच वर्षी कायदा झाला. नव्या मंत्र्याची नेमणूक होताच एका स्वतंत्र प्राधिकरणाच्या देखरेखीखाली त्याच्या कराची तपासणी सुरू होते. ऑगस्ट २०१४ मध्ये परराष्ट्र व्यापाराचं खातं मिळालेले तोमा तेव्हनू या तपासणीत सापडले आणि नऊ दिवसांत पायउतार झाले. खासदारकी मात्र त्यांनी २०१७ पर्यंत सोडली नाही. ती काढून घेण्याची तरतूद त्या कायद्यात नव्हती.