आदी निवास (सेवाग्राम)

वर्ध्यापासून सुमारे आठ किलोमीटरवरच्या सेवाग्राम आश्रमातील पहिली वास्तू. १९३६ साली गांधीजींच्या ब्रिटिश शिष्या मीराबेन (मॅडलिन स्लेड) यांच्या देखरेखीखाली माती, बांबू, लाकूड आणि कवेलू (देशी कौले) वापरून ती बांधण्यात आली. पुढे याच परिसरात नई तालीमचे, म्हणजे हातकामातून शिकवण्याच्या गांधीजींच्या पद्धतीचे, शिक्षणकेंद्र वाढले आणि १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, शेजारी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांचे पहिले पंधरा दिवस आश्रमातल्या शिबिरात जातात. रुग्णालय, वसतिगृहे, प्रयोगशाळा अशा या साऱ्या शैक्षणिक वसाहतीतले सर्वांत जुने घर म्हणजे आदी निवास.

स्वराज्य मिळेपर्यंत साबरमतीला परतायचे नाही, असे ठरवून गांधीजी १९३० साली दांडीला निघाले होते. जमनालाल बजाजांच्या आग्रहाने ते वर्ध्याला आले, काही काळ मगनवाडीत राहिले आणि ३० एप्रिल १९३६ रोजी शेगाव या खेड्यात पोचले. गावाची बरीचशी मालगुजारी (जमीनमालकी) बजाजांची होती. घर स्थानिक सामानातून आणि स्थानिक कारागिरांच्या हातून, कमीत कमी खर्चात व्हावे, ही गांधीजींची अट होती. जूनच्या मध्यात ते येथे राहायला आले. हंगाम अचूक साधला होता : वैशाखाच्या उन्हात मातीचे थर झपाट्याने वाळतात, आणि मृगाच्या आत छप्पर चढले नाही तर उभी भिंत हातची जाते.

सुरुवातीला सगळे या एकाच घरात राहत. गांधीजी, कस्तुरबा, सहकारी आणि येणारे-जाणारे पाहुणे, प्रत्येकाच्या वाट्याला एखादा कोपरा येई. गर्दी वाढल्यावर गांधीजी मीराबेनने स्वतःसाठी बांधलेल्या कुटीत गेले; तीच आजची बापू कुटी. आदी निवास तिच्यापेक्षा जुना असूनही बहुतेक पर्यटक कुटीपाशीच रेंगाळतात. शेगाव नावाचे दुसरे प्रसिद्ध गाव विदर्भातच असल्याने टपाल चुकत असे, म्हणून १९४० मध्ये या शेगावचे सेवाग्राम झाले. १९४६ साली गांधीजींनी आश्रम सोडला, ते परतले नाहीत.

शिक्षणाशी या परिसराचा संबंध १९३७ पासूनचा. त्या वर्षी २२ आणि २३ ऑक्टोबरला वर्ध्यात झालेल्या शिक्षण परिषदेतून झाकिर हुसेन समिती आणि पाठोपाठ नई तालीम चालवणारा हिंदुस्तानी तालिमी संघ उभा राहिला. आशादेवी व आर्यनायकम् या दांपत्याने सेवाग्रामात त्याचे काम चालवले. सूतकताई, शेती, सफाई हेच तेथले पाठ असल्याने घराची सारवण-लिंपण ही त्या अभ्यासक्रमाशी सहज जुळणारी गोष्ट होती.

वर्धा परिसरात मातीचे घर बांधताना पहिला प्रश्न मातीचाच येतो. शेतातली काळी माती भिंतीला चालत नाही. ती पाण्याने फुगते, उन्हात आक्रसते आणि हातभर खोल भेगा पडतात. म्हणून पाया काळी माती ओलांडून मुरमापर्यंत नेतात आणि भिंतीला गावठाणाची पांढरी माती घेतात. ती दोन-तीन दिवस भिजवून, कुटार (भुसा) किंवा तणस (भाताचा पेंढा) घालून पायांनी तुडवतात. साधारण दीड फुटाचा एक थर घातला की तो आवळेपर्यंत थांबावे लागते. घाई केली तर खालचा थर पोट काढतो, म्हणजे बाहेर फुगतो, आणि तो फुगवटा नंतर तासून जात नाही. आतल्या पडद्यांसाठी बांबूच्या कमट्या किंवा तुराट्या विणून कूड करतात आणि त्याला दोन्ही बाजूंनी लिंपतात.

छपरासाठी लाकडी मयाल (आडवी तुळई), त्यावर फाटे (वासे), बांबूच्या कमट्या आणि मग कवेलू. जुना देशी कवेलू कुंभार चाकावर निमुळता नळा काढून, उभा चिरून दोन तुकड्यांत भाजतो. खालची ओळ उताणी, वरची पालथी, आणि प्रत्येक कवेलू खालच्यावर सुमारे तृतीयांश चढलेला असतो. उतार कमी पडला की जोराच्या सरीत पाणी मागे रेटते. फार उभा झाला की कवेलू घसरतात. भिंतीबाहेर दोन-अडीच फूट पाखी हवीच. पागोळ्यांचे शिंतोडे भिंतीच्या पायथ्याशी फूट-दीड फूट उडतात, आणि मातीचे घर बहुधा तिथूनच खचू लागते.

बांबू हिवाळ्यात तोडलेला आणि दोन-तीन आठवडे पाण्यात ठेवून मग वाळवलेला असावा. पाण्यात त्यातली साखर-पिष्ट निघून जाते, नाहीतर घुण, म्हणजे बांबू पोखरणारा किडा, वर्षभरात पीठ पाडतो. उधई, म्हणजे वाळवी, वेगळ्या वाटेने येते : जमिनीतून भिंतीवर मातीची बारीक नळी बांधत लाकडापर्यंत पोचते. लिंपलेल्या भिंतीवर ती नळी उठून दिसते आणि खरवडता येते. ती आठवड्याला पाहिली तर पुरे. दोन महिने दुर्लक्ष झाले तर मयालाचे टोक पोकळ होते.

वर्षाचे काम मे महिन्यात सुरू होते. कवेलू फेरणे म्हणजे प्रत्येक ओळ उचलून साचलेला पालापाचोळा झाडणे, फुटके वेगळे करणे, कुजलेली कमटी बदलणे आणि खालून वर पुन्हा रचत जाणे. कवेलूवर थेट पाय न देता मयालाला बांधलेल्या शिडीवरून हे करतात. फुटण्याचे मोठे कारण पाऊस नव्हे, माकडे. पावसानंतर, साधारण दसऱ्याच्या आधी, भिंतींना नवा हात दिला जातो : चाळलेली पांढरी माती, बारीक कुटार, शेण आणि पाणी. शेण जास्त झाले तर लेप पापडासारखा उचलतो, कुटार कमी पडले तर जाळीसारखे तडे जातात. आधी हातभर जागेवर लावून वाळू द्यावे, हेच सर्वांत खात्रीचे माप. जमीन शेणाने सारवतात. वर्दळ असेल तर आठवड्याला, एरवी पंधरवड्याला.

सर्वांत वाईट दुरुस्ती मात्र नेहमी चांगल्या हेतूने होते : भिंतीवर सिमेंटचा गिलावा. माती ओल घेते आणि सोडते. सिमेंट ती आत कोंडते. वरून भिंत गुळगुळीत दिसते, मागे माती भुसभुशीत होत राहते, आणि एका पावसाळ्यात अख्खी पोपडी निसटते. तोवर उधईची नळीही दिसलेली नसते. आतली जमीन सिमेंटची केली तर खालची ओल वाट शोधत भिंतीत चढते.

आता खरी अडचण सामानाची आहे. हाताने देशी कवेलू काढणारे कुंभार कमी झाले आहेत, आणि प्रत्येकाच्या हाताचा बाक निराळा असतो. नवा कवेलू जुन्यावर नीट बसत नाही. फटीतून सरळ गळते. म्हणून फेरताना जुने शाबूत कवेलू एका उतारावर गोळा करतात आणि नवे सगळे दुसऱ्या उतारावर चढवतात.