डिझेल फिल्टर, अतिरिक्त

डिझेल एंजिनाच्या फोर बाय फोर गाडीत मूळ इंधन फिल्टरला जोड म्हणून, टाकी आणि उच्चदाब पंप यांच्यामधल्या पुरवठा नळीत बसवलेला दुसरा फिल्टर. इंधनातले पाणी वेगळे करणे हे त्याचे पहिले काम व घन कण अडवणे हे दुसरे. ही पद्धत विशेषतः ऑस्ट्रेलियात रुजली. तेथे टोयोटा लँडक्रूझर, प्राडो व हायलक्स, निसान पट्रोल, इसुझू डी-मॅक्स अशा गाड्यांसाठी ब्रॅकेट, नळ्या व क्लॅम्पसह तयार संच मिळतात. संचातला फिल्टर बहुधा फ्युएल मॅनेजर (मूळची स्टॅनाडाइनची नाममुद्रा), रेकॉर (पार्कर) किंवा डोनाल्डसन या नाममुद्रेचा असतो.

परिभाषा : नावांत घोळ आहे आणि त्यातून जोडणीच्या चुका होतात. गाळणतंत्रात टाकीच्या बाजूचा जाड गाळणीचा फिल्टर तो प्राथमिक आणि पंपाच्या बाजूचा बारीक तो दुय्यम. ऑस्ट्रेलियन बाजारात मात्र नंतर बसवला म्हणून कोणत्याही जोडफिल्टरला ‘सेकंडरी’ म्हणण्याची चाल आहे, मग तो मूळ फिल्टरच्या आधी असो वा नंतर. प्रस्तुत नोंदीत प्रवाहाचा क्रम प्रमाण धरला आहे : मूळ फिल्टरच्या आधीचा तो पूर्वफिल्टर, नंतरचा तो उत्तरफिल्टर.

पूर्वपीठिका : डिझेल दोनदा गाळण्याची कल्पना जुनी आहे. नांगरणीच्या ट्रॅक्टरांवर, मच्छीमार बोटींवर आणि खाणयंत्रांवर ती फोर बाय फोरच्या आधीपासून होती. डिझेलवरच्या लँड रोव्हर गाड्यांत टाकीजवळ गाळ-पाणी बसवणारी वाटी असे. महाराष्ट्रातल्या जुन्या ट्रॅक्टर-ट्रकच्या मेस्त्रींनाही एकाच डोक्यावर (नळ्या जोडायच्या वरच्या भागावर) शेजारी शेजारी बसवलेले दोन फिल्टर परिचित आहेत. पहिल्यात फेल्ट किंवा कापडाचा घटक (प्रत्यक्ष गाळणारा, बदलता येणारा भाग), दुसऱ्यात कागदाचा. तेव्हा ‘अतिरिक्त’ फिल्टर म्हणजे नवा शोध नव्हे. छोट्या गाड्यांनी जागा व खर्च वाचवण्यासाठी जी पायरी गाळली, तीच येथे परत घातली जाते.

या पायरीची गरज तीव्र झाली ती कॉमन रेल पद्धतीमुळे, म्हणजे एकाच सामायिक दाबनळीतून सर्व इंजेक्टरांना (एंजिनात इंधन फवारणाऱ्या भागांना) डिझेल पुरवण्याच्या रचनेमुळे. या पद्धतीच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. ब्रिटनमधील व्हिकर्स कंपनीने १९१०च्या दशकात पाणबुड्यांच्या एंजिनांसाठी सामायिक दाबनळीची रचना वापरली होती, म्हणून काहीजण तेथून आरंभ मानतात. मात्र तिच्यात झडपा यांत्रिक होत्या. विद्युत् नियंत्रित इंजेक्टरांचे मूळ सामान्यतः १९६०च्या दशकातील स्वित्झर्लंडमधल्या रॉबर्ट हूबर यांच्या कामात शोधले जाते. प्रत्यक्ष विक्रीतल्या वाहनात ती आणण्याचा मान जपानच्या डेन्सोला (१९९५, हिनोचा ट्रक) द्यावा की फियाट समूह व बॉश यांना (१९९७, आल्फा रोमिओ १५६), हा वाद ‘वाहन’ या शब्दात ट्रक धरायचा की नाही एवढ्यावरच येतो. ट्रक वगळण्याचे सबळ कारण दिसत नाही. फिल्टरच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की या पद्धतीत दाब सुमारे १,६०० ते २,५०० बार असतो आणि इंजेक्टरमधल्या सरकत्या भागांची फट दोन-तीन मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). जुन्या पंपाने पचवलेली घाण येथे धातू खरवडते.

पाणी : डिझेलमध्ये पाणी तीन रूपांत असते : विरघळलेले, पायसरूप (बारीक थेंबांनी डिझेलभर पसरलेले) आणि तळाशी बसलेले मोकळे. तिसरे सर्वांत घातक असले तरी काढायला सोपे. दुसरे काढणे अवघड. ऑस्ट्रेलियात डिझेलमधील गंधकाची मर्यादा २००६ पासून दशलक्षात ५० भाग व २००९ पासून १० भाग झाली. भारतात १० भागांची मर्यादा १ एप्रिल २०२० पासून (भारत स्टेज ६) देशभर लागू आहे. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत इंधनाचा नैसर्गिक वंगणगुण कमी होतो, तो भरून काढण्यास रसायने मिसळतात, आणि ही रसायने, तसेच जैवडिझेल, पाणी व तेल यांमधला पृष्ठताण घटवतात. थेंब बारीक होतात व बसायला वेळ घेतात. म्हणून नुसती गाळवाटी आता पुरत नाही. थेंब एकत्र आणणारे, जलरोधी लेपाचे माध्यम लागते. पाणी पंपात गेले की वंगणाचा पापुद्रा तुटतो, नियंत्रक झडप अडकते, इंजेक्टरच्या टोकाशी पाण्याची वाफ होऊन धातू फुटतो. पाणी-डिझेलच्या सीमेवर बुरशीही वाढते (हॉर्मोकोनिस रेझिनी ही त्यांतली सुपरिचित); तिचा तपकिरी चिकट थर फिल्टर एका दिवसात बुजवू शकतो.

दुर्गम भागात पाणी शिरण्याची वाट बहुधा पिंपातून असते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील सुमारे १,८५० किमी.च्या कॅनिंग स्टॉक रूटसारख्या वाटेवर इंधनाची ठिकाणे मोजकी आहेत. उभ्या ठेवलेल्या २०० लिटरच्या पिंपाच्या माथ्यावर पावसाचे पाणी साचते आणि रात्री पिंप थंड झाले की बुचाच्या आट्यातून ते आत ओढले जाते. पिंप आडवे, दोन्ही बुचे आडव्या रेषेत आणि इंधनाच्या पातळीखाली ठेवल्यास हे टळते.

मायक्रॉनचा आकडा : डब्यावरचा ‘५ मायक्रॉन’ हा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. त्या आकाराचे किती कण अडतात, हे बीटा गुणोत्तरावरून कळते : फिल्टरआधीच्या कणांची संख्या भागिले नंतरच्या कणांची संख्या. बीटा २ म्हणजे निम्मेच कण अडले, ७५ म्हणजे ९८.७ टक्के, २०० म्हणजे ९९.५ टक्के. बीटा २ ला ‘५ मायक्रॉन’ म्हणवणारा फिल्टर बीटा २०० ला ‘१० मायक्रॉन’ म्हणवणाऱ्यापेक्षा सरस असेलच असे नाही. कण अडवण्याची चाचणी आयएसओ १९४३८ नुसार व पाणी वेगळे करण्याची आयएसओ १६३३२ नुसार होते; उत्पादकाने यांचा निकाल दिला नसेल तर आकड्यावर भिस्त ठेवू नये.

आधी की नंतर : या विषयातला खरा वाद हाच. उत्तरफिल्टरच्या बाजूने असे म्हणतात, की मूळ फिल्टरचा कागद फाटला किंवा नकली घटक पदरी पडला तर २ ते ५ मायक्रॉनची शेवटची भिंत उभी राहते. युक्तिवाद चुकीचा नाही. त्याविरुद्ध तीन गोष्टी आहेत. पहिली, जोडणी करताना नळीत राहिलेला रबराचा कीस किंवा धातूचा कण उत्तरफिल्टरच्या पुढच्या नळीत असेल तर तो थेट पंपात जातो. पूर्वफिल्टरच्या बाबतीत तोच कण मूळ फिल्टर अडवतो. दुसरी, अनेक गाड्यांत टाकीत पंप नसतो. उच्चदाब पंपाला जोडलेला छोटा पंपच डिझेल ओढतो. अशा वेळी मूळ फिल्टरच्या डोक्यावरचा निर्वात स्विच फिल्टर बुजल्याचा दिवा लावतो. स्विचला आपल्या मागचा, म्हणजे टाकीकडचा, अडथळा कळतो; पुढचा कळत नाही. त्यामुळे उत्तरफिल्टर बुजला तर दिवा न लागता एंजिन उपाशी मरते. पूर्वफिल्टर बुजला तर दिवा लागतो. मात्र मूळ फिल्टर बदलूनही दिवा जात नाही आणि मेस्त्री गोंधळतो. तिसरी, पाणी मूळ फिल्टरपर्यंत पोचण्याआधीच काढणे केव्हाही श्रेयस्कर. ओढीवर चालणाऱ्या गाडीत सुमारे ३० मायक्रॉनचा, पाणी वेगळे करणारा पूर्वफिल्टर अधिक सुरक्षित ठरतो. टाकीत पंप असलेल्या, दाबावरच्या गाडीत उत्तरफिल्टरचा विचार करता येतो. पूर्वफिल्टर मात्र मूळ फिल्टरपेक्षा बारीक कधीही नसावा. तसा असल्यास सगळी घाण त्याच्याच माथी येते व ओढीवरचा ताण वाढतो.

निवड व जागा : क्षमता ठरवताना एंजिन किती डिझेल जाळते ते पाहू नये. पंप त्याच्या कित्येक पट डिझेल ओढतो व उरलेले परतीच्या नळीने टाकीत सोडतो. ताशी १०० ते २०० लिटर क्षमतेचे डोके या वर्गाच्या गाड्यांना सहसा पुरते. नळीचा आतला व्यास मूळ नळीइतकाच, बहुधा ८ किंवा १० मिमी., ठेवावा. ब्रॅकेट ३ ते ४ मिमी. जाड पोलादी पत्र्याचे व बोल्ट एम८. पातळ पत्रा खडबडीत वाटेवर वेल्डजवळ तडकतो. फिल्टर उभा, त्याच्या तळाशी पाणी साचणाऱ्या वाटीखाली बरणी धरण्याइतकी जागा, टर्बो व एक्झॉस्टपासून किमान १५० मिमी. अंतर. दुसरी बॅटरी बसवायची असल्यास तिची जागा आधी राखावी.

जोडणी : गाडी सपाट जागी, एंजिन थंड, बॅटरीचे ऋण टर्मिनल सुटे. मूळ फिल्टरभोवतीची धूळ आधी धुऊन हवेने उडवावी. पुरवठ्याची नळी कोणती व परतीची कोणती हे टाकीपासून हाताने माग काढून ठरवावे. रंग किंवा जाडीवर विसंबू नये. सर्वांत महागडी चूक येथेच होते, कारण परतीच्या नळीत बसवलेला फिल्टर पंपाचे रक्षण करत नाही आणि परतीचा मार्गही कोंडतो.

नळी धारदार पात्याने कापावी. करवतीने कीस पडतो. कापलेले तुकडे आतून डिझेलने धुऊन, टोके झाकून ठेवावीत. निमुळत्या आट्याच्या जोडांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नये. तिचे धागे सुटून पंपाच्या झडपेत अडकतात. इंधनाला चालणारे द्रव सीलंट पहिले दोन आटे सोडून लावावे. समांतर आट्याला बाँडेड वॉशर (रबराची कड चिकटवलेला धातूचा वॉशर) लागतो. क्लॅम्प वळलेल्या काठाचे, इंधननळीसाठीचे घ्यावेत. साधे खाचेचे क्लॅम्प रबर कापतात. एंजिन माउंटिंगवर हलते, म्हणून नळीला थोडी ढील ठेवावी, पण ती मुडपता कामा नये. पूर्वफिल्टर असल्यास डोक्यावरचे बाण पाहून ‘आत’कडे टाकीची नळी, ‘बाहेर’कडे मूळ फिल्टरची.

पूर्वफिल्टर स्वच्छ डिझेलने भरून बसवला तरी चालतो, पण तो आत येण्याच्या बाजूने भरावा. उत्तरफिल्टर कधीही हाताने भरू नये. मग मूळ फिल्टरवरचा हँड पंप घट्ट होईपर्यंत दाबून एअर काढावी, एंजिन चालू करून पाचेक मिनिटे आयडलवर ठेवावे. स्टार्टर सलग फिरवत राहिल्यास पंप कोरडा घासतो. ५० ते १०० किमी. चालल्यावर सर्व जोड पुन्हा तपासावेत.

वाटीत पाणी साचल्याची सूचना देणाऱ्या सेन्सरची तार वेगळी ओढून, इग्निशनवर येणाऱ्या १२ व्होल्ट पुरवठ्याला फ्यूजमधून जोडावी व बझर चालकाजवळ बसवावा. हा सेन्सर ऐच्छिक समजू नये : पूर्वफिल्टर पाणी अडवू लागला की कंपनीच्या सेन्सरपर्यंत ते पोचतच नाही, आणि भरलेल्या वाटीची खबर देणारे दुसरे काही उरत नाही.

दोष : ओढीवरच्या गाडीत सैल जोडातून डिझेल गळत नाही; हवा आत जाते. जोड कोरडाठाक दिसतो आणि गाडी एअर घेते. सकाळी उशिरा चालू होणे, आयडल डगमगणे, चढावर दम तुटणे ही लक्षणे. मूळ फिल्टरच्या आधी तात्पुरती पारदर्शक नळी घालून बुडबुडे पाहावेत. ते दिसले तर नळी मागे मागे सरकवत जोड शोधावा. बुडबुडे नसून ओढ कमी असेल तर फिल्टर बसवण्याआधीचे व नंतरचे निर्वात मापन, भारासह, ताडून पाहावे. म्हणून पहिले मापन जोडणीपूर्वीच घेऊन ठेवणे शहाणपणाचे. जुन्या रबराची नळी गरम होऊन ओढीखाली चपटी होणे हा दोष आयडलवर दिसत नाही.

थंडीत डिझेलमधील मेण गोठते. काही मूळ फिल्टरांना हीटर किंवा परतीच्या गरम डिझेलची ऊब असते. पूर्वफिल्टरला नसते, आणि तोच आधी बुजतो. ऑस्ट्रेलियन आल्प्समध्ये हिवाळ्यात यासाठी वेगळे डिझेल विकले जाते. नाशिकला बनणारी थार घेऊन लडाखला जाणाऱ्यांनाही हाच नियम लागू : इंडियन ऑइलने २०१९ मध्ये तेथील हिवाळ्यासाठी विशेष डिझेल आणले, ते वर गेल्यावर भरावे, खालून भरलेली टाकी तशीच नेऊ नये.

निगा : घटक साधारण २०,००० किमी. किंवा वर्षाने, जे आधी येईल तेव्हा, बदलतात. पिंपातले डिझेल वापरलेल्या प्रवासानंतर लगेच. बझर वाजल्यास एंजिन बंद करून वाटीतले १०० ते २०० मिलि. पारदर्शक बरणीत काढावे. पाणी जड असल्याने तळाशी स्पष्ट रेषेखाली दिसते. वाटी रिकामी करून, एअर काढून गाडी चालू करता येते. परंतु मूळ फिल्टरमध्येही पाणी सापडले तर एंजिन फिरवू नये. टाकी उपसावी आणि नळ्या धुवाव्यात. एंजिन न चालवता गाडी ओढून नेण्याचा खर्च इंजेक्टरांच्या संचापेक्षा बराच कमी असतो.

वॉरंटीबाबत : ऑस्ट्रेलियन ग्राहक कायद्यानुसार (२०११ पासून लागू) केवळ जोडफिल्टर बसवला म्हणून ग्राहकाचे हक्क संपत नाहीत. बिघाड त्या जोडणीमुळेच झाला असेल तर मात्र दावा नाकारला जाऊ शकतो. त्यामुळे वापरलेल्या भागांची बिले, घटक बदलल्याची तारीख व किलोमीटर यांची नोंद गाडीसोबत ठेवतात.