मस्तिष्कावरणशोथ : रुग्णालयातील निदान आणि उपचार

मेंदू आणि मेरुरज्जू यांना वेढणाऱ्या आवरणांना सूज येणे म्हणजे मस्तिष्कावरणशोथ. वॉर्डात त्याला मेनिंजायटिस म्हणतात. जीवाणू, विषाणू, क्षयाचे जंतू आणि बुरशी ही त्याची मुख्य कारणे. विषाणूंमुळे झालेला आजार बहुधा आपोआप बरा होतो. जीवाणूंमुळे झालेला मात्र काही तासांत जीव घेऊ शकतो. म्हणून दुसरे काही सिद्ध होईपर्यंत तो जीवाणूजन्यच आहे असे धरून चालतात.

ताप, मान ताठणे आणि शुद्धीत बदल ही ठरलेली त्रयी पूर्ण होण्याची वाट पाहणे धोक्याचे असते. नेदरलँड्समधील प्रौढांच्या ६९६ प्रसंगांची पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात तिन्ही लक्षणे एकत्र आढळली ती केवळ ४४ टक्क्यांत. डोकेदुखी धरून चारांपैकी किमान दोन मात्र ९५ टक्क्यांत होती. कर्निग (मांडी वाकवून गुडघा सरळ करताना वेदना) आणि ब्रुडझिन्स्की (मान वाकवली की पाय आपोआप दुमडणे) यांची चिन्हे दिसली तर संशय बळावतो, न दिसल्यास आजार नाही असे म्हणता येत नाही. तान्ह्या बाळाची मान मऊच राहू शकते. त्याचे दूध तुटणे, सुस्ती आणि फुगलेली टाळू याकडे पाहावे लागते. दाबल्यावर न विरणारे जांभळट पुरळ मेनिंगोकॉकस या जीवाणूचा इशारा देतात.

खात्री होते ती पाठीतले पाणी, म्हणजे मस्तिष्क-मेरुद्रव, तपासून. जर्मन वैद्य क्विंके यांनी १८९१ मध्ये रूढ केलेली ही पद्धत आजही तिच्या जागी आहे. पाठीत सुई गेली की पाय लुळे पडतील, ही नातेवाइकांची भीती समजावून दूर करायला हवी : सुई कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमधून जाते आणि प्रौढांत मेरुरज्जू त्याच्या वरच संपतो. निरोगी प्रौढाच्या द्रवात दर घन मिलिमीटरला पाचपेक्षा जास्त पांढऱ्या पेशी नसतात. जीवाणूजन्य आजारात त्या बहुधा हजारावर जातात, द्रव गढूळ होतो, प्रथिने वाढतात आणि साखर घटते. त्याच वेळी रक्तातील साखर मोजली नसेल, तर द्रवातील साखरेचा अर्थ नीट लागत नाही. क्षयात लसीकापेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढतात, साखर कमी असते आणि आजार दिवसांनी, आठवड्यांनी चढतो. जंतू ओळखण्यासाठी ग्रॅम रंजन (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे), कल्चर (जंतू वाढवून पाहणे) आणि पीसीआर (जंतूंचा जनुकीय अंश शोधणे) या चाचण्या करतात.

नेमके इथेच वेळ वाया जातो. नव्याने आलेले झटके, एका बाजूचा अशक्तपणा, खालावलेली शुद्ध, डोळ्याच्या पडद्यावरील सूज किंवा दुबळी प्रतिकारशक्ती असेल, तर सुईआधी सीटी स्कॅन करतात. पण स्कॅनसाठी प्रतिजैविक थांबवायचे नसते. रक्ताचे कल्चर घ्यावे, लगेच औषध द्यावे आणि मग स्कॅनला न्यावे. औषधानंतर काही तासांत मेनिंगोकॉकस द्रवात वाढेनासा होतो हे खरे. तरी पेशी, प्रथिने आणि पीसीआर पुरेशी माहिती देतात.

प्रौढांना सेफ्ट्रिअॅक्सोन हे प्रतिजैविक २ ग्रॅम दर १२ तासांनी शिरेतून देतात. न्यूमोकॉकस हा जीवाणू त्याला दाद देणार नाही अशी शक्यता असल्यास व्हॅन्कोमायसिन, तर पन्नाशीपुढे लिस्टेरिया या जीवाणूसाठी अँपिसिलिन जोडतात. नवजातांना सेफ्ट्रिअॅक्सोनऐवजी सहसा सेफोटॅक्सिम देतात. सूज कमी करणारे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेआधी किंवा तिच्यासोबत सुरू करतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३०१ प्रौढांवरील चाचणीत त्याने मृत्यूचे प्रमाण १५ वरून ७ टक्क्यांवर आणले. मेंदूलाही हर्पिस विषाणूची लागण झाल्याचा संशय असेल तर असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध देतात. मेनिंगोकॉकसला साधारण ७ दिवस, न्यूमोकॉकसला १० ते १४, लिस्टेरियाला किमान २१ दिवस उपचार लागतात. क्षयाला ९ ते १२ महिने.

मेनिंगोकॉकसच्या रुग्णाला उपचार सुरू झाल्यापासून २४ तास वेगळे ठेवतात आणि निकट संपर्कातील लोकांना प्रतिबंधक औषध देतात.

मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा शंट (मेंदूतील जादा द्रव वाहून नेणारी नळी) बसवल्यावर रुग्णालयातच होणारा संसर्ग वेगळा असतो. तिथे स्टॅफिलोकॉकस आणि ग्रॅम-ऋण (ग्रॅम रंजनात जांभळा रंग न धरणारे) जीवाणू आढळतात, लक्षणे पुसट असतात, आणि व्हॅन्कोमायसिनसोबत मेरोपेनेम किंवा सेफेपिम सुरू करूनही दूषित शंट बहुधा काढावाच लागतो.

जीवाणूजन्य आजारातून उठलेल्या रुग्णाची श्रवणचाचणी घरी सोडण्यापूर्वी किंवा चार आठवड्यांच्या आत व्हायला हवी. या आजाराने बहिरेपण येऊ शकते, आणि अंतर्कर्णात हाड वाढू लागले की कॉक्लियर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवायचे यंत्र) बसवणे अवघड होते.