गुलाबावरची भुरी आणि पानावरचं पाणी

दिवाळी उलटली, पहाटे गोदाकाठी धुकं उतरायला लागलं की नाशकातल्या गच्च्यांवरच्या गुलाबांवर कुणीतरी पीठ भुरभुरल्यासारखं दिसायला लागतं, कोवळी पानं मुडपतात, कळ्या फुलायच्या आधीच आखडतात. ही भुरी. त्याच दिवसांत दिंडोरी, पिंपळगावकडे द्राक्षवाले पण भुरीच्या फवारण्या घेत असतात, त्यामुळे खूप जणांना वाटतं की बागेतली भुरीच उडून आपल्या कुंडीत आली. तसं नाहीये. गुलाबाची भुरी वेगळ्या जातीची बुरशी, द्राक्षाची वेगळी, एकीला दुसरीच्या झाडावर जगता येत नाही. हवामान मात्र दोघींना सारखंच आवडतं, म्हणून दोन्ही एकदमच दिसतात. फ्रान्समध्ये द्राक्षाच्या ओळीच्या टोकाला गुलाब लावायची जुनी पद्धत आहे, तिच्यामागे हेच कारण सांगतात, गुलाबावर दिसलं की सावध व्हायचं.

आता गंमत बघा, बुरशी म्हटलं की आपल्याला ओल आठवते, पण भुरीला पानावर पाणी लागतच नाही. तिच्या बीजाणूत स्वतःपुरतं पाणी असतं, रात्रीची दमट हवा मिळाली की कोरड्या पानावरही ते रुजतात, उलट पानावर पाणी साचलं तर तिची वाढ अडते. म्हणून आपल्याकडे भर पावसात भुरी कमी आणि थंड रात्री, कोरड्या दुपारी सुरू झाल्या की जोरात.

गुलाबावरचे काळे ठिपके याच्या अगदी उलट. कडा फाटक्या असलेले गोल काळे डाग, भोवती पान पिवळं, मग पान गळतं, जुलै-ऑगस्टमध्ये अर्धं झाड उघडं पडतं. या बुरशीला पान सलग सातेक तास ओलं राहावं लागतं, तेव्हाच ती आत शिरते, आणि पसरते ती पाण्याच्या शिंतोड्यांवरून. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर पाइपने झाडाला वरून अंघोळ घातली की पान रात्रभर ओलं राहतं, म्हणजे बुरशीला पाहिजे तेवढा वेळ आपणच दिला! पाणी सकाळी, आणि बुंध्याशी. गळलेली पानं उचलून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको, कारण बुरशी त्यातच टिकून राहते.

माझे मामा निफाडकडे द्राक्ष करतात, ते सकाळी बागेत शिरले की आधी पानाला हात लावतात, ओलं आहे का कोरडं, दव किती वाजता उडालं, औषधाचं नंतर. कुंडीतल्या झाडालाही हेच लागू पडतं असं मला अगदी मनापासून वाटतं, कारण रोग कुठला ते न बघता मारलेलं औषध नुसतंच वाया जातं. भुरीला पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम पुरतं, पण ऊन तापलेलं असताना मारू नका, पानं भाजतात.

छाटणीनंतर फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली वाळत येते तो डायबॅक, बुरशी कापलेल्या जागेतून आत जाते. हिरव्या भागापर्यंत तिरपा काप घ्यायचा आणि वर बोर्डो पेस्ट लावायची, म्हणजे १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), १०० ग्रॅम चुना, १ लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवून मग प्लास्टिकच्या बादलीत एकत्र करा, लोखंडी भांडं नको, आणि लहान मुलांपासून लांब ठेवा, मोरचूद विषारी आहे. हे मिश्रण पण द्राक्षाचीच देणगी. फ्रान्समध्ये येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींना मोरचूद-चुना मारत, आणि नेमक्या त्याच वेली केवडा नावाच्या बुरशीच्या रोगातून वाचल्या, हे मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, १८८५ मध्ये त्यांनी ते छापलं.

जास्वंदीची पानं काजळी धरल्यासारखी काळी झाली असतील तर तिथे बुरशीनाशक मारून काही होत नाही, वर मिलीबग (पिठ्या ढेकूण) किंवा पांढरी माशी शोधा, त्यांच्या चिकट गोड स्रावावर ती काजळी वाढते. किडी गेल्या की ओल्या फडक्याने पुसून निघते. सप्तपर्णीच्या पानांवरच्या गाठी पण एका बारीक किडीच्याच.

मला खरी काळजी वाटते ती गुलमोहराची. बुंध्याशी, जमिनीलगत, तपकिरी लाकडी छत्री उगवलेली दिसली तर ती गॅनोडर्मा बुरशी असू शकते, आणि छत्री बाहेर आली म्हणजे आतलं लाकूड, मुळं आधीच बरीच कुजलेली असतात, वर पालवी हिरवीगार असली तरी. छत्री तोडून टाकल्याने आतली बुरशी जात नाही. आमच्या कॉलनीत एका झाडाच्या खोडापर्यंत काँक्रीट केलंय, गाडी लागून साल सोललीय, आणि अशाच जखमांतून ती शिरते. अशी छत्री दिसली की फोटो काढून महापालिकेच्या उद्यान विभागाला कळवा, झाडाखाली गाड्या लावू नका, आणि हे सगळं वळवाच्या पावसाआधी, कारण तेव्हाच्या वाऱ्यात पहिली पडतात ती हीच झाडं.