बायबलची एकसूत्रता

बायबल एका बाइंडिंगमध्ये मिळतं म्हणून आपण त्याला एक पुस्तक म्हणतो, पण आत पाहिलं तर तो संग्रह आहे. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं (येशूच्या आधीच्या जुन्या करारात ३९, नंतरच्या नव्यात २७), कॅथलिक बायबलमध्ये ७३, आणि इथिओपियाच्या जुन्या चर्चमध्ये तर ८१ मोजतात. जुना करार बहुतेक सगळा हिब्रूत आहे, दानीएल आणि एज्राचे काही भाग अरामी भाषेत, नवा करार ग्रीकमध्ये, आणि हे सगळं लिहून व्हायला ढोबळमानाने हजारएक वर्षं लागली. लिहिणाऱ्यांत मेंढरं राखणारा आमोस आहे, कैदेतून पत्रं पाठवणारा पौल आहे, आणि कितीतरी असे आहेत ज्यांचं नावसुद्धा राहिलेलं नाही. मजकूर म्हणाल तर कायदे, वंशावळी, लढाया, रडगाणी, गीतरत्नासारखं सरळसरळ प्रेमकाव्य, मंडळ्यांना लिहिलेली रागाची आणि मायेची पत्रं, शेवटी प्रकटीकरणातले दृष्टांत. हे सगळं मिळून एकच गोष्ट सांगतं असं ख्रिस्ती परंपरा मानते, त्याला बायबलची एकसूत्रता म्हणतात.

एकसूत्रता म्हणजे सगळी पुस्तकं एकसारखं बोलतात असं बरेच जण धरून चालतात, मानणारेही आणि खोडून काढणारेही, आणि मग दोघं विसंगतींच्या याद्या घेऊन भांडत बसतात. प्रस्तुत लेखकाच्या मते खरी गोष्ट वेगळी आहे. बायबलमधलं नंतरचं पुस्तक आधीचं पुस्तक वाचतं, त्याला उत्तर देतं, कधी त्याच्याशी वादसुद्धा घालतं, आणि आधीचं मात्र कोणी फाडून टाकत नाही, दोन्ही शेजारी शेजारी ठेवतात. एकसूत्रता आहे ती या वाचण्यात.

आतला धागा

सगळ्यात ठळक उदाहरण वल्हांडणाचं. निर्गमच्या १२व्या अध्यायात मिसरमधून, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून, सुटायच्या रात्री प्रत्येक इस्राएली घराने कोकरू कापायचं, रक्त दाराच्या चौकटीला लावायचं, घाईत खायचं आणि त्या कोकराचं हाड मोडायचं नाही असं सांगितलंय. हा सण मग दरवर्षीचा झाला. पुढे इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बॅबिलोनने यरुशलेम पाडलं, मंदिर जाळलं, लोकांना धरून नेलं, तेव्हा यशयाच्या पुस्तकात (अध्याय ४३) तोच समुद्रातून वाट काढणारा देव म्हणतो की जुन्याची आठवण धरून बसू नका, मी नवीन काही करतोय, आता अरण्यातून वाट काढतो. म्हणजे जुन्या सुटकेच्या भाषेत नव्या सुटकेची आशा बांधली. त्याच पडझडीच्या काळातला यिर्मया (अध्याय ३१) म्हणतो की देव लोकांशी नवा करार करेल, तो मनावर लिहिलेला असेल. आणि मग लूकच्या शुभवर्तमानात (शुभवर्तमान म्हणजे येशूच्या जीवनाची कथा) येशू वल्हांडणाच्या जेवणाला शिष्यांबरोबर बसतो, प्याला उचलतो आणि हा माझ्या रक्तातला नवा करार आहे असं सांगतो. निर्गम आणि यिर्मया दोन्ही त्या एका वाक्यात येऊन बसतात. योहान तर क्रूसावरच्या येशूचे पाय मोडले नाहीत हे मुद्दाम नोंदवून हाड न मोडण्याचं वचन आठवून देतो (१९:३६), आणि पौल करिंथकरांना थेट लिहितो की आपलं वल्हांडणाचं कोकरू म्हणजे ख्रिस्त. यातला कुठलाही एक लेखक पूर्ण साखळी डोळ्यांसमोर ठेवून लिहीत नव्हता, तरी साखळी उभी राहते, आणि ती ओढूनताणून आणलेली वाटत नाही कारण प्रत्येक जण आधीच्याला ओळखून बोलतोय.

हे फक्त नव्या करारात होतं असंही नाही. दानीएलच्या ९व्या अध्यायात दानीएल स्वतःच सांगतो की मी यिर्मयाची पुस्तकं वाचत होतो आणि त्यातल्या ७० वर्षांचा हिशोब लावत होतो. होशेयचं वचन, देवाला यज्ञापेक्षा दया हवी, मत्तयमध्ये येशू दोनदा उच्चारतो, दोन्ही वेळा धर्माच्या कडक लोकांसमोर. ११०वं स्तोत्र नव्या करारात सगळ्यात जास्त उल्लेखलेल्या भागांपैकी आहे, इब्री लोकांस पत्र तर त्या स्तोत्रातला याजक-राजा मलकीसदेक आणि उत्पत्तीच्या १४व्या अध्यायातला मलकीसदेक एकत्र वाचून पूर्ण युक्तिवाद रचतं. पहिल्या पुस्तकात बागेत जीवनाचं झाड आहे आणि माणसाला त्याच्यापासून दूर केलंय, शेवटच्या पुस्तकात नगरात तेच झाड आहे आणि त्याची पानं राष्ट्रांच्या आरोग्यासाठी आहेत.

इथे एक गोष्ट विसरून चालत नाही. पहिल्या ख्रिस्ती लोकांकडे नवा करार नव्हता. पुन्हा जिवंत झाल्यावर अम्माऊस गावाच्या वाटेवर येशू दोन शिष्यांना मोशे आणि संदेष्ट्यांपासून सुरुवात करून शास्त्र उलगडतो असं लूक सांगतो (अध्याय २४), ते शास्त्र म्हणजे यहुद्यांचं शास्त्र, आणि यहुदी परंपरेसाठी ते आजही स्वतःतच पूर्ण आहे. यशया ५३ मधला दुःख सोसणारा सेवक ख्रिस्ती वाचकाला येशू दिसतो, बहुतेक यहुदी भाष्यकारांना तो इस्राएल राष्ट्र दिसतो. क्रमसुद्धा वेगळा आहे: तोच मजकूर यहुदी २४ पुस्तकं म्हणून मोजतात आणि इतिहासाच्या पुस्तकाने संपवतात, जिथे पर्शियाचा राजा कोरेश बंदिवानांना यरुशलेमला परत जायला सांगतो, तर ख्रिस्ती जुना करार मलाखीवर संपतो, संदेष्टा एलीया येईल या वचनावर, आणि पुढचं पान उलटलं की मत्तय. नुसत्या क्रमाने गोष्टीचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बदलतं. त्यामुळे ख्रिस्ती एकसूत्रता हे एक वाचन आहे, माझ्या मते फार ताकदीचं वाचन, पण त्यासाठी यहुदी वाचन चुकीचं ठरवायची गरज नाही, आणि चर्चच्या इतिहासात ते ठरवण्यातून यहुद्यांवर जे अत्याचार झाले ते झाकून ठेवण्यासारखे नाहीत.

चर्चने काय टाकलं नाही

दुसऱ्या शतकात काळ्या समुद्राकाठचा मार्कियन रोमला आला आणि म्हणाला की जुन्या करारातला देव वेगळा, कठोर, आणि येशूचा पिता वेगळा. त्याने जुना करार पूर्ण काढला, शुभवर्तमान एकच ठेवलं (लूक, तेही काटछाट करून) आणि पौलाची १० पत्रं. मांडणी एकदम सुटसुटीत होती, विसंगतीचा प्रश्नच मिटला. इ.स. १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याच्याशी संबंध तोडले.

त्याच शतकात तातियान या सिरियाकडच्या ख्रिस्ती लेखकाने चारही शुभवर्तमानं गुंफून एक सलग गोष्ट केली, दियातेस्सरोन, आणि सिरियाच्या चर्चमध्ये ती बराच काळ वाचली जायची, इतकी की पाचव्या शतकात थिओडोरेट या बिशपने २०० हून जास्त प्रती काढून घेऊन त्या जागी चार वेगळी शुभवर्तमानं ठेवली. हा निर्णय मला फार मोठा वाटतो. चारांचं एक केलं असतं तर वाचायला सोपं झालं असतं, पण मग मंदिरातल्या व्यापाऱ्यांना हाकलण्याचा प्रसंग योहान सुरुवातीला सांगतो आणि बाकीचे तिघं शेवटी, असले फरक कायमचे पुसले गेले असते. चर्चने फरक ठेवले.

लियोंचा बिशप इरेनियस (साधारण इ.स. १८०) म्हणाला की शास्त्राचे तुकडे कसेही जोडता येतात, राजाचं चित्र असलेल्या मोझेकचे खडे काढून कोणी कोल्ह्याचं चित्र केलं आणि हाच राजा म्हणून सांगितलं तर खडे खरेच असतात पण चित्र खोटं. म्हणून वाचणाऱ्याला मूळ चित्र माहीत हवं, आणि ते चित्र म्हणजे मंडळीत चालत आलेला विश्वासाचा सारांश. टीकाकार म्हणतात की हे वर्तुळ झालं, विश्वास शास्त्रावरून आणि शास्त्र विश्वासावरून, आणि त्या म्हणण्यात दम आहे. २७ पुस्तकांची आजची यादी जशीच्या तशी पहिल्यांदा दिसते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याच्या इ.स. ३६७ च्या पत्रात. ऑगस्टीनचं सूत्र सगळ्यात गाजलं: नवा जुन्यात लपलेला आहे, जुना नव्यात उघडा होतो.

पुढे प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या लुथरने १५२२ मध्ये याकोबाच्या पत्राला गवताचं पत्र म्हटलं, कारण पौल म्हणतो माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो आणि याकोब म्हणतो नुसत्या विश्वासाने नाही, कृतीनेसुद्धा. पण लुथरनेही ते पत्र बायबलमधून काढलं नाही, फक्त मागे सरकवलं. कॅथलिक चर्चने १५४६ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत आपली यादी पक्की केली.

जिथे अडतं

विसंगती आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. मत्तय आणि लूक यांच्या वंशावळी जुळत नाहीत. येशूला पकडून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत मत्तयमध्ये गळफास घेतो, प्रेषितांच्या कृत्यांत पडून त्याचं पोट फुटतं. २ शमुवेल २४ म्हणतं दाविदाला शिरगणती करायला देवाने चिथवलं, १ इतिहास २१ म्हणतं सैतानाने, आणि इथे तर उघड दिसतं की नंतरच्या लेखकाला आधीचं वाक्य सहन झालं नाही. पण याहून अवघड आहे ते यहोशवाचं पुस्तक, गावंच्या गावं मारून टाकायची आज्ञा, आणि तिकडे येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात शत्रूवर प्रेम करा. ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानाने तिसऱ्या शतकात या लढाया मनातल्या पापांशी लढाई म्हणून वाचल्या, आजचे बरेच अभ्यासक ते पुराव्यावरून इतिहास म्हणून मोजत नाहीत, काही जण म्हणतात की बायबलच बायबलला दुरुस्त करतं. मला शेवटचं म्हणणं पटतं, तरी ते पान वाचताना पोटात गोळा येतोच आणि यायला हवा.

एकोणिसाव्या शतकात वेलहाउझेन या जर्मन अभ्यासकाने मांडलं की मोशेची मानली जाणारी पाच पुस्तकं वेगवेगळ्या काळातल्या चार धाग्यांतून बनली. त्याच्या तपशिलावर आज एकमत नाही, पण एका हाताने एका बैठकीत लिहिलं हे म्हणणं विद्यापीठांत कोणी फारसं धरत नाही. १९४७ पासून मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांत गुंडाळ्या सापडल्या, यशयाची जवळजवळ पूर्ण प्रत त्यात होती, तोवर हातात असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा हजारएक वर्षं जुनी, आणि मजकूर बऱ्यापैकी तोच निघाला. पण हा पुरावा मजकूर नीट जपल्याचा आहे, अर्थ एक असल्याचा नाही, या दोन गोष्टी लोक नेहमी एकत्र करतात. १९७० च्या दशकात बायबलचे अमेरिकन अभ्यासक ब्रेव्हर्ड चाइल्ड्स म्हणाले की धागे उसवून झाले असतील तर आता जे शेवटचं रूप समाजाने शास्त्र म्हणून स्वीकारलं तेही वाचा, कारण ते रूप देणाऱ्यांनीही विचार केला होता.

बडोद्याकडून पाहताना

बडोद्याच्या मराठी माणसाला हा वाद परका वाटायचं कारण नाही. इथल्याच ओरिएंटल इन्स्टिट्यूटने वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती काढली, सात कांडं, १९६० ते १९७५, उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या पोथ्या ओळीओळीने ताडून. बालकांडाचा बराच भाग आणि उत्तरकांड नंतरचं असं बहुतेक संशोधक मानतात, तरी आवृत्तीत सातही कांडं आहेत आणि घराघरात पारायणही सातांचं होतं. थर ओळखणं आणि संपूर्ण वाचणं ही दोन्ही कामं एकाच गावात होऊ शकतात हे आपण पाहिलंय. सयाजीराव महाराजांच्या काळात बडोदा कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास शिकवला जायचा, आल्बन विजरी तिथे प्राध्यापक होते, म्हणजे दुसऱ्याचं शास्त्र आदराने आणि डोळे उघडे ठेवून वाचायची सवय इथे शंभर वर्षांची आहे.

मराठीत तर ही एकसूत्रता फार आधी आली. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचलं, १६१६ मध्ये छापलं गेलं, साधारण ११ हजार ओव्या. त्याचे भाग दोनच, पहिलें पुराण म्हणजे जुना करार आणि दुसरें पुराण म्हणजे नवा. पुढे ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, आणि मला वाटतं दोन करारांचं नातं मराठी कानाला समजवायला पूर्वरंग-उत्तररंगाइतकं जवळचं काही नाही: पूर्वरंगातला अभंग उत्तररंगातलं आख्यान ऐकल्यावर वेगळा ऐकू येतो, पण अभंग आधीही पूर्णच होता. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते छापून आलं. एकाच बाईने दोन्ही करार मुळातून भाषांतरित करणं ही जगात दुर्मीळ गोष्ट आहे आणि तिची चर्चा आपल्याकडे फारच कमी होते.

बडोद्यात मराठी ख्रिस्ती घरं थोडी, फतेगंजातल्या चर्चमध्ये उपासना गुजराती नाहीतर इंग्रजीत, त्यामुळे घरी मराठी बायबल आणि रविवारी कानावर गुजराती असं बऱ्याच जणांचं चालतं. कॅथलिक चर्चमध्ये १९६९ च्या वाचनक्रमाप्रमाणे रविवारी बहुतेक वेळा आधी जुन्या करारातला उतारा, मग स्तोत्र, मग एखादं पत्र आणि शेवटी शुभवर्तमान वाचतात, तीन वर्षांचं चक्र आहे, आणि जुन्या करारातला उतारा सहसा त्या दिवसाच्या शुभवर्तमानाशी जुळेल असा निवडलेला असतो. म्हणजे ज्याने कधी एकसूत्रतेवर एक ओळ वाचलेली नाही त्यालाही ती दर आठवड्याला ऐकू येते. पण या पद्धतीत एक तोटा आहे: जुळणारे उतारेच निवडले जातात, न जुळणारे मागे पडतात, आणि एस्तेरच्या पुस्तकाला, ज्याच्या हिब्रू प्रतीत देवाचं नावसुद्धा येत नाही, रविवारी जवळजवळ जागाच मिळत नाही.