मिडलटाउनमधला मृदंग: वेस्लियनच्या संगीत विभागाची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात मिडलटाउन नावाचं नदीकाठचं छोटं शहर आहे. तिथलं वेस्लियन विद्यापीठ मेथडिस्ट पंथीयांनी १८३१ साली स्थापन केलं. नावात विद्यापीठ असलं तरी घडण लिबरल आर्ट्स कॉलेजची: मोजके विद्यार्थी, लहान वर्ग आणि पदवीच्या शिक्षणावर भर. विद्यार्थ्यांच्या समूहगायनासाठी ते जुन्या काळापासून ओळखलं जायचं. पण कर्नाटक संगीताच्या जगात मिडलटाउनचं नाव झालं ते १९६० नंतर.

त्याआधीची तयारी दोघा प्राध्यापकांनी केली होती. संगीतकार रिचर्ड विन्स्लो यांना नव्या प्रयोगांची ओढ होती. डेव्हिड मॅकअ‍ॅलेस्टर हे मानववंशशास्त्रज्ञ, नावाहो जमातीच्या विधीसंगीताचे अभ्यासक. जगभरच्या संगीतपरंपरांचा अभ्यास करणाऱ्यांच्या, १९५५ साली स्थापन झालेल्या सोसायटी फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी या संघटनेच्या चार संस्थापकांपैकी ते एक. १९६०-६१ मध्ये जॉन केज हे प्रयोगशील संगीतकार वेस्लियनमध्ये फेलो म्हणून राहिले आणि त्यांचं ‘सायलेन्स’ हे पुस्तक १९६१ साली तिथल्याच मुद्रणालयाने काढलं. पैशाची बाजू भक्कम होती ती एका वेगळ्याच कारणाने. शाळकरी मुलांचं ‘माय वीकली रीडर’ हे साप्ताहिक काढणारी प्रकाशनसंस्था विद्यापीठाच्या मालकीची होती. १९६५ मध्ये ती झेरॉक्स कंपनीला विकली, मोबदल्यात त्या कंपनीचे शेअर मिळाले, आणि एवढंसं वेस्लियन देशातल्या श्रीमंत शिक्षणसंस्थांमध्ये जाऊन बसलं. उत्साही माणसं पुष्कळ ठिकाणी असतात. परदेशी कलावंताला वर्षानुवर्षं पगार देण्याची ऐपत फार थोड्या कॉलेजांकडे असते.

१९६१ साली रॉबर्ट ब्राउन इथे शिकवायला आले. कॅलिफोर्नियात मँटल हूड या संगीत-अभ्यासकांच्या हाताखाली त्यांचं शिक्षण झालं होतं. ज्या संगीताचा अभ्यास करायचा, ते स्वतः गाता-वाजवता आलं पाहिजे, हा हूड यांचा आग्रह. ब्राउन यांनी प्रबंधासाठी मृदंग निवडला आणि मद्रासला जाऊन तो टी. रंगनाथन यांच्याकडे शिकले. पुढे रुळलेला ‘वर्ल्ड म्युझिक’ हा शब्दप्रयोग त्यांच्याच नावावर सांगितला जातो. पण त्यांनी आपल्या गुरूलाच कॉलेजात आणलं, हे मला त्या शब्दापेक्षा कितीतरी मोठं काम वाटतं. १९६३ पासून रंगनाथन वेस्लियनचे निवासी कलावंत झाले.

रंगनाथन म्हणजे वीणा धनम्माळ यांचे नातू. देवदासी परंपरेतलं हे घराणं. मद्रासच्या जॉर्जटाउन भागात धनम्माळ यांच्या घरी शुक्रवारी संध्याकाळी वीणा ऐकायला भले भले विद्वान येऊन बसत. पुढे सुधारणेच्या लाटेत देवदासी प्रथेवर टीका झाली, १९४७ साली कायदा झाला, आणि प्रथेबरोबर त्या बायकांच्या विद्येलाही समाजाने खाली मान घालायला लावली. त्याच घरातल्या नर्तकी बालासरस्वती १९६२ साली अमेरिकेत नाचल्या आणि वेस्लियनमध्ये त्यांनी शिकवलंही. मागोमाग एक भाऊ रंगनाथन, तर १९७५ पासून दुसरे भाऊ, बासरीवादक टी. विश्वनाथन तिथले शिक्षक झाले. एकाच घरची ही तीन भावंडं.

मृदंगाचं शिक्षण सुरू होतं तोंडाने आणि हाताने. आदि तालाच्या आठ मात्रा: एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट; पुन्हा टाळी आणि हात उलटा, पुन्हा टाळी आणि हात उलटा. हे चालू ठेवून तोंडाने ‘त क धि मि’ म्हणायचं. या बोलांना सोलकट्टू म्हणतात. नोटेशन समोर ठेवून वाजवणाऱ्या अमेरिकन मुलांना रंगनाथन यांनी तोंडी पाठांतरावर आणलं, आणि त्यांच्यापैकी कित्येकांनी मृदंग हातात न घेताही लय पक्की केली.

जॉन हिगिन्स हा याच कॉलेजचा विद्यार्थी, १९६२ चा पदवीधर. मद्रासला जाऊन तो विश्वनाथन यांच्याकडे गाणं शिकला आणि १९६५ मध्ये तिरुवय्यारूच्या त्यागराज आराधनेत, म्हणजे संतकवी-संगीतकार त्यागराज यांच्या स्मृतीच्या उत्सवात, गायला. दक्षिणेतले रसिक त्याला हिगिन्स भागवतर म्हणू लागले; भागवतर ही तिथे गायकांना मानाने लावायची उपाधी. पुढे तो टोरंटोच्या यॉर्क विद्यापीठात शिकवायला गेला आणि १९७८ मध्ये मिडलटाउनला परत आला. १९८४ च्या डिसेंबरमध्ये कुत्र्याला फिरवायला बाहेर पडला असताना गाडीने उडवल्यामुळे तो गेला. वय अवघं ४५.

गुरूलाच कॉलेजात आणून शिकायची ही पद्धत इतर परंपरांनाही लागू झाली. १९६४ च्या न्यू यॉर्क जागतिक प्रदर्शनात आलेला गामेलानचा, म्हणजे इंडोनेशियातल्या घंटा-झांजांच्या वाद्यमेळाचा, संच वेस्लियनने विकत घेतला आणि १९७२ मध्ये जावाहून सुमारसाम शिकवायला आले. घानाचे अब्राहम अ‍ॅड्झेन्या १९६९ पासून २०१६ पर्यंत ढोल शिकवत राहिले. एक प्रश्न मात्र उरतोच. संशोधकाला प्राध्यापकपद आणि गुरूला ‘निवासी कलावंत’ ही पाटी, हा भेद कॉलेजने लगेच पुसला नाही. विश्वनाथन यांनी १९७५ मध्ये वेस्लियनमधूनच रागालापनेवर डॉक्टरेट मिळवली. सुमारसाम यांनी १९९२ मध्ये कॉर्नेलमधून. ज्यांच्या विद्येवर दुसऱ्यांचे प्रबंध उभे राहिले, त्यांनाही पदवीचा कागद उपयोगी पडावा, हे मला खटकतं.

रंगनाथन १९८७ मध्ये वारले, विश्वनाथन २००२ मध्ये. मृदंगाचा वर्ग बंद पडला नाही: रंगनाथन यांचे अमेरिकन शिष्य डेव्हिड नेल्सन त्याच विभागात तो शिकवत राहिले, आणि गायनासाठी बी. बालसुब्रह्मण्यन आले.